टेबलाखालची टोपली

"ही कॉलर ज्याने शिवली त्याला मान नसणार," इस्त्रीमावशी पुटपुटल्या. "मान असलेला माणूस असं शिवत नाही."

हे कोणाला उद्देशून नव्हतं. वाफेची इस्त्री दिवसभर फुसफुसायची आणि तिच्या आडोशाने मावशी अशी वाक्यं सोडत राहायच्या. आपलं बोलणं कोणाला ऐकू जात नाही, अशी त्यांची समजूत होती. शेजारच्या टेबलावर, हात लांबवला तर खांद्याला लागेल इतक्या जवळ, त्यांची सून बसायची आणि तिला सगळं ऐकू जायचं.

"मान असेल हो, आई," सून शर्टावरून नजर न उचलता म्हणाली. "जिभेला हाड नसलेली माणसं इस्त्री करतातच की."

तिच्या पलीकडे बसलेली चष्मेवाली खुदकन हसली. मावशींनी इस्त्री जरा जोरातच टेकवली आणि वाफेच्या ढगात स्वतःही हसून घेतलं.

तयार कपड्यांच्या कारखान्यातली ही शेवटची खोली. शर्ट शिवून झाला की इथे यायचा. मावशी त्याला इस्त्री करून पुढे सरकवायच्या, सून आणि चष्मेवाली तो उलटसुलट करून त्यातले दोष शोधायच्या, आणि मग घडी, खोका, ट्रक. सुनेला खोलीत सगळ्या टाचणी म्हणायच्या. अंगाने काटकुळी, तोंडाने टोकदार. मावशींनी तिला आधी या टेबलावर पाहिलं होतं आणि मग मुलासाठी मागणी घातली होती. तेव्हा चष्मेवालीने विचारलं होतं, की दिवसभर दोष काढणारी पोरगी घरात नेऊन काय करणार? मावशी म्हणाल्या होत्या, माझ्या मुलात आहेत ढीगभर, कोणीतरी काढायला नको?

या खोलीची एक रीत होती. दोष तोंडाने बोलायचा नाही.

पूर्वी बोलायच्या. काज तिरकं आहे, कफ आखूड आहे, असं कोणी म्हणायची आणि सुपरवायझरच्या कानावर जायचं. मग तो शर्ट हातात धरून तो शिवणाऱ्या बाईसमोर उभा राहायचा आणि सगळ्या लाईनीदेखत तिची खरडपट्टी काढायचा. एकदा एक बाई मशीनवर डोकं टेकवून रडली, ती उठेचना. तेव्हापासून या खोलीतल्या बायकांनी आपसात ठरवून टाकलं. दोष दिसला की त्यावर लाल कागदाचा छोटासा बाण चिकटवायचा, शर्ट टेबलाखालच्या टोपलीत टाकायचा आणि गप्प बसायचं. लाईनीकडे जाणारी कोणीही जाता जाता टोपली उचलून नेते. शिवणारीला बाण दिसतो, ती उसवते, नीट करते, बाण काढून टाकते. कोणी कोणाला काही बोललं नाही, कोणाचा अपमान झाला नाही, शर्टही सुधारला. फार सोयीची रीत होती. माणुसकीची होती, असंही म्हणता येईल.

तिच्यात खोट एकच. एकदा टोपली टेबलाखालीच राहिली. चष्मेवालीला वाटलं टाचणीने नेली, टाचणीला वाटलं मावशींनी नेली, मावशींना वाटलं इतकी भरलेली टोपली कोणी ना कोणी नेलीच असणार. ट्रक निघून गेला आणि झाडणाऱ्या बाईचा झाडू टोपलीला अडकला तेव्हा कळलं. सगळ्या बाणांसकट शर्ट तसेच. त्या दिवशी तिघी इतक्या हसल्या की सुपरवायझरही रागवायचं विसरला.

कॉलरवालीच्या वेळी मात्र कोणी हसलं नव्हतं.

कॉलरवाली लाईनीतली जुनी बाई. तिने शिवलेल्या कॉलरीवर कधी बाण लागला नाही. तिने कमरेला स्वेटर बांधायला सुरुवात केली ते सगळ्यांनी पाहिलं. भर उन्हाळ्यात स्वेटर. ती पुन्हा पुन्हा बाथरूमला जायची, आणि तिथल्या बादलीतलं लालसर पाणी नंतर जाणाऱ्या बाईला दिसायचं. पाळी जायच्या वयात असं होतं, एवढंच बायका म्हणाल्या, तेही एकमेकींना. तिला नाही. ती घरी बसली तेव्हा म्हणाल्या, पोटाचं दुखणं आहे. मावशी तिला भेटायला गेल्या होत्या. खिडक्या सताड उघड्या होत्या आणि तरी खोलीत दुखण्याचा वास होता. कॉलरवालीने कारखान्यातल्या नव्या दोऱ्याबद्दल विचारलं, तो तुटतो का म्हणून. मावशींनी नव्या दोऱ्याबद्दल सांगितलं. अर्धा तास दोघी दोऱ्याबद्दलच बोलल्या. निघताना कॉलरवाली म्हणाली, "बरं वाटलं बाई, कोणीतरी नीट बोललं." मावशी बाहेर आल्या, भिंतीला धरून उभ्या राहिल्या आणि मग घरी गेल्या.

ती गेल्यावर तिच्या स्टुलावर बरेच दिवस कोणी बसलं नाही. मग कारखान्याने तपासणीची गाडी बोलावली.

गाडी आवारात उभी राहिली. आत पडदा, पाय वर घेऊन झोपायची खुर्ची आणि हसऱ्या चेहऱ्याची एक नर्सबाई. पंचविशीच्या पुढच्या सगळ्या बायकांनी यायचं, असं सांगण्यात आलं. नर्सबाईने आधी सगळ्यांना एकत्र बसवून समजावलं. गर्भाशयाच्या तोंडाशी ब्रश फिरवून थोड्या पेशी काढतात, त्या तपासतात. रोग व्हायच्या कितीतरी आधी त्या पेशींमध्ये बदल दिसायला लागतो, आणि तेव्हा उपचार केले तर रोग होतच नाही. वय कमी म्हणून सुटलो असं समजू नका, असंही ती म्हणाली. बायका माना खाली घालून ऐकत होत्या, फरशीवर काही सांडलं असावं तशा.

टाचणी सगळ्यात आधी उठली. पायऱ्या चढताना वळून म्हणाली, की जन्मभर दुसऱ्यांच्या शिवणी तपासल्या, आज आपली तपासून घेते. बायका लाजून हसल्या आणि तिच्यामागे रांग लागली. मावशी आपला नंबर आल्यावर जाऊन आल्या. त्यांचं सगळं ठीक निघालं. त्यांना ते कळवणारा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, मला माहीतच होतं, माझ्याकडे आजारी पडायला वेळ कुठे आहे.

टाचणीचा मोबाईल त्या आठवड्यात धुण्याच्या बादलीत पडला होता. गाडीत तिने सासूचा नंबर दिला.

म्हणून तो फोनही मावशींनाच आला. जेवणाच्या सुट्टीत, लॉकरपाशी. कामाच्या वेळात फोन लॉकरमध्ये ठेवावे लागत, सुट्टीत सगळ्या बायका तिथे कोंडाळं करून उभ्या राहायच्या. मावशी एका कानात बोट घालून कोपऱ्यात गेल्या. नर्सबाईने आधी सुनेलाच बोलवा म्हणून सांगितलं. सून हात धुवायला गेली होती. मावशी म्हणाल्या, मी सासू आहे तिची, एका घरातल्या आहोत, मला सांगा, मी सांगते. नर्सबाई जरा थांबली. मग म्हणाली, की घाबरायचं कारण नाही. पेशींमध्ये बदल दिसलाय, जरा जास्तीचा बदल आहे. हा कॅन्सर नव्हे. पण न बघता सोडून दिलं तर पुढे कॅन्सर होऊ शकतो, म्हणून मोठ्या दवाखान्यात दुर्बिणीतून तपासून घ्यायचं, लागलं तर तेवढा भाग काढतात, छोटंसं काम असतं. फक्त उशीर करू नका.

नर्सबाई सगळं नीट बोलली होती. मावशींच्या कानात त्यातला एकच शब्द राहिला, आणि त्याला कॉलरवालीच्या खोलीचा वास होता.

टाचणी ओले हात झटकत आली आणि कोणाचा फोन म्हणून विचारलं.

"चुकून लागला होता," मावशी म्हणाल्या.

दुपारभर त्या इस्त्री फिरवत राहिल्या. शेजारी टाचणी शर्ट उलटे करत होती, बाण लावत होती, चष्मेवालीला कुठल्यातरी सिनेमाची गोष्ट सांगत होती आणि शेवट विसरली म्हणून स्वतःच नवा बनवून सांगत होती. मावशींना वाटलं, संध्याकाळी सांगू. इथे चारचौघींत नको. संध्याकाळी वाटलं, घरी पोचू दे. घरी पोचल्यावर वाटलं, जेवू दे पोरीला.

मग त्यांनी मुलाला गाठलं. मुलगा औषधांच्या दुकानांना माल पोचवणारी गाडी चालवायचा. दिवसभर औषधांची खोकी उचलायचा आणि स्वतःला साधी शिंक आली तरी घाबरायचा. मावशींनी त्याला गॅलरीत नेलं आणि सांगितलं, की तपासणीवाल्या बाईचा फोन होता, तिला परत बोलावलंय.

म्हणजे काय, त्याने विचारलं.

म्हणजे बोलावलंय, मावशी म्हणाल्या. मोठ्या दवाखान्यात. तो शब्द त्यांनी उच्चारला नाही. पण त्यांनी तो ज्या रीतीने गिळला त्यावरून मुलाला कळलं. त्याने गॅलरीच्या कठड्यावरची धूळ बोटाने पुसली.

"तिला सांगितलंस?"

"तू नवरा आहेस. तू सांग."

"बायकांचं आहे, आई. तू सांगशील तर तिला बरं पडेल."

आतून टाचणीने हाक मारली, काय खलबतं चाललीत मायलेकांची, भांडी कोण घासणार. दोघंही आत गेले. तो भांडी घासायला बसला. एरवी तो कधी घासत नसे, म्हणून मावशींना वाटलं, हा आज सांगणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाचणीचे डोळे सुजलेले होते. नाक लाल होतं. ती चहाचा कप धरून बराच वेळ खिडकीपाशी बसून राहिली. मावशी तिच्याकडे बघत राहिल्या आणि त्यांच्या छातीवरचं ओझं अर्धं उतरलं, अर्धं जागच्या जागी राहिलं. सांगितलं तर पोराने. रडली असणार रात्रभर. आता आपण खोदून विचारणं बरं नाही. स्वतःहून बोलेल तेव्हा बोलेल.

टाचणीला सर्दी झाली होती.

त्या दिवसापासून मावशी बदलल्या. पाण्याची बादली तिला उचलू देईनात. तिच्या ताटात आपल्या ताटातलं वाढायला लागल्या. कारखान्यात तिच्या स्टुलावर ठेवायला चिंध्यांची उशी शिवून आणली, आणि सुपरवायझर तिच्यावर ओरडला तेव्हा इस्त्री हातात घेऊन मध्ये उभ्या राहिल्या. मुलगाही बदलला. तो घरी वेळेवर यायला लागला, गप्प गप्प राहायला लागला. आई बायकोची इतकी बडदास्त ठेवतेय, त्या अर्थी तिने सांगितलंय आणि दोघींनी मिळून दवाखान्याचंही काही ठरवलं असणार, असं त्याने गृहीत धरलं. आपण मध्ये बोलून बिचारीला आणखी लाजवायला नको.

चष्मेवालीला मावशींनी सांगितलं होतं. कोणालातरी सांगितल्याशिवाय राहवेना, आणि चष्मेवाली तीस वर्षांपासूनची मैत्रीण. तिने चष्मा काढून पुसला, परत घातला. तिने विचारलंही खोलीच्या भाषेत.

"टोपली पोचली का लाईनीवर?"

"पोचलीय," मावशी म्हणाल्या. "पोराने पोचवली."

"मग दवाखाना?"

"जातील दोघं. तिच्या मनाची तयारी होऊ दे."

चष्मेवालीने मान डोलावली. दोघींच्या मध्ये बसलेली टाचणी एका शर्टाच्या खांद्यावर बाण चिकटवत गुणगुणत होती. तिला वाटलं, शर्टांचंच काही चाललंय.

असे बरेच आठवडे गेले. मग एका सुट्टीच्या सकाळी टाचणी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर असलं हसू होतं की मावशींच्या हातातली कणीक तशीच राहिली.

"तुम्हाला आधीच कळलं होतं ना?" ती म्हणाली.

मावशींनी परात बाजूला सारली.

"मला वाटलंच," टाचणी म्हणाली. "मलाच खात्री नव्हती तेव्हापासून तुम्ही बादली उचलू देत नाही, उशी काय शिवताय, ताटात काय वाढताय. मी म्हटलं, यांच्या डोळ्यांत काय यंत्र बसवलंय की काय. आता खात्री झाली. होणार आहे, आई. नातवंड होणार आहे तुम्हाला."

ती पुढे आली आणि कणकेच्या हातांसकट सासूला मिठी मारली. मावशींनी तिला धरलं. तिच्या खांद्यावरून त्यांना पलीकडच्या खोलीत उभा असलेला मुलगा दिसला. तो हसत होता आणि रडत होता, आणि आईकडे बघत होता. त्या एका नजरेत दोघांना कळलं. तू सांगितलं नाहीस. तूही सांगितलं नाहीस. टोपली टेबलाखालीच होती.

त्या दिवशी सांगता आलं असतं. पण एका पोरीच्या तोंडावर इतकं सुख असताना त्यात कोण हात घालणार? मुलगा म्हणाला, आता सांगून तिला धसका बसला आणि पोटातल्याला काही झालं तर? मावशी म्हणाल्या, दोन्ही गोष्टी एकदम कशा सांगायच्या. बाळंतपण होऊन जाऊ दे, मग लगेच नेऊ. असं दोघांनी गॅलरीत ठरवलं आणि ठरवल्यावर दोघांनाही एकमेकांचं तोंड बघवेना. मूल पोटात असतानाही ती दुर्बिणीची तपासणी करता येते, त्याने बाळाला काही होत नाही, हे विचारलं असतं तर नर्सबाईने सांगितलं असतं. विचारलं नाही.

नर्सबाईचा पुन्हा फोन आला. तपासायला आल्या नाहीत अजून, आज मला त्यांच्याशीच बोलायचंय, ती म्हणाली. मावशी लॉकरच्या पत्र्याकडे तोंड करून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, की सुनेला सांगितलंय, दुसऱ्या दवाखान्यात दाखवलंय तिने, तिकडेच चाललंय.

"हो का? बरं झालं," नर्सबाई म्हणाली. तिच्या आवाजात खरंच सुटका होती.

ते 'बरं झालं' मावशींच्या छातीत जाऊन बसलं. इस्त्री करताना बसलं, झोपताना बसलं. त्यांचं पुटपुटणं बंद झालं. टाचणीने दोनदा विचारलं, की आई, कॉलरींना आता माना फुटल्या का, काहीच बोलत नाही तुम्ही. मावशी म्हणाल्या, दात दुखतोय.

टाचणी मात्र बोलत होती. बाळ मुलगी असली तर तिला शर्टाला बाण लावायला शिकवणार होती आणि मुलगा असला तर भांडी घासायला, बापासारखं वर्षातून एकदा नव्हे, रोज. ती चष्मेवालीला म्हणाली, बाळाचे कपडे मी शिवीन, तू तपास, पण एकही बाण लावलास तर बोलणार नाही तुझ्याशी. चष्मेवालीने हसत मान वर केली आणि तिची नजर मावशींच्या नजरेत अडकली. तिला टोपलीचं कळलं होतं. मावशींनी नाही सांगितलं, तिला आपोआप कळलं, इतक्या वर्षांनी आपोआप कळतं. त्या दिवशी निघताना ती मावशींना म्हणाली, "मी सांगू का?" मावशींनी हात जोडले. सांगू नको म्हणून की सांग म्हणून, ते चष्मेवालीला समजलं नाही, आणि ती घरी गेली.

मधे एकदा टाचणीनेच विषय काढला. जेवताना, सहज. ती म्हणाली, त्या गाडीवाल्या बाईंचा माझ्यासाठी काही फोनच आला नाही, आता बाळंतपणासाठी नाव नोंदवायला जाऊ तेव्हा तिकडे विचारतील. मुलाचा घास हातात राहिला. मावशी पाणी आणायला उठल्या. मग टाचणी स्वतःच म्हणाली, नाही आला म्हणजे चांगलंच असणार, वाईट असतं तर केला असता. आणि तिने पुढचा विषय काढला. मावशी स्वयंपाकघरात माठाला धरून उभ्या राहिल्या. भरलेला तांब्या हातात होता आणि तो बाहेर न्यायचा होता, एवढंच काम होतं.

ते घडलं तेव्हा दुपार होती. परदेशी जाणारे पांढरे शर्ट टेबलावर होते, खोली पांढरीशुभ्र दिसत होती. टाचणी काहीतरी सांगता सांगता थांबली. ती उठून उभी राहिली आणि चिंध्यांच्या उशीकडे बघत राहिली.

चष्मेवालीने टेबलावरचा एक पांढरा शर्ट उचलला, जो मिळाला तो, आणि टाचणीच्या कमरेभोवती गुंडाळून पुढे बाह्यांची गाठ मारली. घड्या घालणाऱ्या बाईने उशी उलटी केली. कोणीतरी दार उघडून धरलं. सगळं किती पटापट, किती मायेने आणि एक शब्द न बोलता झालं. मावशी इस्त्री तशीच टेकवून धावल्या आणि मागे शर्टाला जळका वास सुटला. त्यांना दिसत होती ती फक्त कमरेला बांधलेल्या बाह्यांची गाठ. स्वेटरच्या बाह्यांचीही अशीच असायची.

रिक्षात टाचणीने त्यांचा हात धरला होता. तिचे ओठ पांढरे पडले होते. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, की बाळ गेलं का हो, आई. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मुलगा गाडी घेऊन परस्पर दवाखान्यात पोचला होता. औषधांची खोकी मागे तशीच होती.

तपासणीची खोली लहान होती. एक पलंग, त्यावर कागदाची लांब गुंडाळी पसरलेली, हिरवा पडदा, आणि कोपऱ्यात सोनोग्राफीचं यंत्र. डॉक्टरीण टाचणीच्याच वयाची असावी. दुपारचं जेवण राहिलं असावं तिचं, टेबलावर डबा अर्धवट उघडा होता. तिने टाचणीच्या पोटावर थंड चिकट औषध लावलं, यंत्राचा दांडा फिरवला, दाबला, परत फिरवला. पडद्यावर राखाडी काहीतरी हललं. मग तिने एक बटण दाबलं आणि खोलीत आवाज आला. शिलाई मशीन पूर्ण वेगात चालवल्यासारखा आवाज.

"हे बघा. ठोके चांगले आहेत," डॉक्टरीण म्हणाली. "बाळ व्यवस्थित आहे."

टाचणीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मुलगा पलंगाच्या कडेला खाली बसला आणि त्याचे खांदे हलायला लागले. मावशींनी देवाचं नाव घ्यावं तसं "बाई ग" म्हटलं आणि भिंतीला टेकल्या. तो आवाज चालू होता. मशीन चालू होतं. काही क्षण त्या खोलीत कोणालाच कसलं दुःख नव्हतं.

डॉक्टरीण हात पुसत बोलत होती. रक्त थांबलंय जवळजवळ. बाळाच्या पिशवीजवळ कुठे रक्त साचलेलं दिसत नाही. गरोदरपणात गर्भाशयाचं तोंड नाजूक होतं, त्यातून असं कधीकधी येतं. विश्रांती घ्या, वजन उचलू नका.

"उचलूच देत नाहीत," टाचणी रडत हसत म्हणाली आणि सासूकडे बोट दाखवलं.

डॉक्टरीणही हसली. मग तिने सहज विचारलं, की गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी कधी झालीय का, ती ब्रशने पेशी काढून करतात ती.

"झालीय ना," टाचणी म्हणाली. "कारखान्यात गाडी आली होती. मीच पहिली गेले होते."

"कशी होती?"

"चांगली होती."

"बरं झालं," डॉक्टरीण म्हणाली. "मग आत्ता आतून बघायची घाई नको, उगाच त्रास. घरी जा, झोपून राहा."

तिने यंत्राचं बटण बंद केलं. तो आवाज थांबला.

मावशींनी मुलाकडे पाहिलं. मुलाने आईकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत अजून मघाचं पाणी होतं आणि तो वाट बघत होता. त्याही वाट बघत होत्या. त्यांना ती वाट बघणं ओळखीचं वाटलं. बाहेर कोणीतरी पुढच्या बाईला हाक मारली. टाचणी उठून बसली, कमरेचा पांढरा शर्ट सावरला आणि सासूने नेहमीप्रमाणे धरावं म्हणून हात पुढे केला. डॉक्टरणीने डब्याचं झाकण उचललं.

मावशींनी तो हात धरला आणि तिला उठू दिलं नाही.

"चांगली नव्हती," त्या म्हणाल्या.

डॉक्टरीण थांबली. टाचणीने वर पाहिलं. अजून ती हसतच होती, कारण सासू काहीतरी कॉलरीबिलरीबद्दल पुटपुटतेय असं तिला वाटलं.

"तुझी तपासणी चांगली नव्हती, बाळा. फोन आला होता, माझ्या फोनवर. न बघता सोडलं तर कॅन्सर होईल म्हणाली होती बाई. आणि मी तुला सांगितलं नाही."